कस्तुराबाई आणि परमुलखातले रेडे

रिठदच्या कस्तुराबाईंना दोन गोष्टी झकास जमायच्या. एक, मेथीची जुडी अशी बांधायची की गिऱ्हाइकाला ती दुप्पट वाटावी. आणि दुसरी, समोरच्याच्या पोटातलं त्याला पत्ता न लागू देता बाहेर काढायचं. वाशीमच्या भाजीच्या हर्रासातले मुरलेले अडते त्यांच्यापुढे दोन वाक्यांत उघडे पडत. पण एकुलती एक लेक साधना डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्सला गेली, आणि बाईंची ही विद्या फोनवर साफ आपटली.

"जेवली काय?"

"हाव."

"बरी हायेस ना?"

"हाव आई."

"अभ्यास?"

"चालू हाये. ठेवतो."

संपलं! बाई काळ्या पडलेल्या फोनकडे बघत राहायच्या. पोरीला काहीतरी सलतंय हे आईला कळत होतं, पण काय ते पोर सांगेल तर शपथ. नवरा बापूराव म्हणायचे, "अभ्यास असते तिले, तू कायले जीव टांगून घेतं?" बापूरावांना जगात कुणालाच कधी काही सलत नाही असं वाटत असे, कारण त्यांना स्वतःला जेवणानंतर काही सलत नसे.

मग एके दिवशी साधना सहज बोलून गेली. ती जिच्या घरी भाड्याने राहते त्या नेनाबाईचा मुलगा जोमार बास्केटबॉल खेळतो, तेही पगारावर. तिथल्या मोठ्या लीगमधल्या टीममध्ये आहे. टीमचं नाव कॅराबाओ.

"म्हंजे काय व?"

"म्हंजे रेडा. त्याह्यच्या बनियनवर रेड्याचं चित्र हाये."

"रेड्याचं? अन् माणसं त्याचा जयजयकार करतेत?"

साधना खुदकन हसली. पलीकडून हसू आलेलं बाईंनी कित्येक आठवड्यांत ऐकलं नव्हतं. त्या दिवशी फोन चांगला लांबला. बाई मनात म्हणाल्या, सापडला धागा. आता सोडते होय!

त्या दिवसापासून कस्तुराबाई रेड्यांच्या झाल्या. तिथली मॅच रात्री असे, म्हणजे इथे संध्याकाळचे पाच. बरोबर जुड्या बांधायची वेळ. ओट्यावर पाण्याच्या घंगाळाला टेकवून फोन उभा राही. एका हाताने मेथी, एका हाताने सुंभ, आणि डोळे फिलिपिन्सात. तिथला बोलणारा काय बोलतो ते कळत नसे, म्हणून त्याचा आवाज बंद करून बाई स्वतःच बोलत. बापूराव क्रिकेटवाले. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "त्या टोपलीले बूडच नाही. टाकलेला माल खालून पडून जाते. हा कायचा धंदा?"

"तुमी गप बसा. नेनाबाई माही बहीण झाली, म्हंजे जोमार माहा भाचा झाला. भाच्यासाठी एवढंबी नाही करायचं?"

भाचा बहुतेक वेळ बाकावरच बसलेला असे. त्यामुळे कोचवर बाईंचा भारी राग. मॅच संपली की साधनाचा फोन, आणि मग काय विचारता! कोण पडला, कोणाचा गुडघा गेला, कोचला अक्कल कशी नाही, नेनाबाईने काय रांधलं होतं. बोलता बोलता अर्धा तास कुठे जाई कळत नसे. साधना प्रत्येक मॅचला मैदानावर जाऊ लागली, म्हणजे तिला तो खेळ आवडतच असणार, असं बाईंनी ताडलं. रेडे जिंकत राहोत, हंगाम चालत राहो, पोर बोलत राहो.

रेडे जिंकत जिंकत थेट फायनलला पोचले. फायनलच्या मॅच तीन, दोन जिंकेल त्याचा चषक. पहिली रेड्यांनी घेतली. साधना आनंदाने म्हणाली, "आई, आता एक जितली की सरलं सारं!"

सरलं? खेळ सरला की पोर पुन्हा "हाव, ठेवतो"वर येणार.

आता भाजीवालीचं डोकं कसं चालतं पाहा. वांग्याची झाडं थकली की लोक उपटून टाकतात. बाई तसं करत नसत. फांद्या छाटायच्या, खतपाणी द्यायचं आणि त्याच झाडांवर आणखी तोडा घ्यायचा. जरा कापलं की झाडाचा हंगाम लांबतो, हा त्यांचा अनुभव. त्या शिवेवरच्या मारुतीपुढे गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "देवा, आमच्या रेड्याह्यले ही दुसरी मॅच हरू दे. एकच. मंग तिसरी जितव. दोन नारळ फोडतो."

दुसरी मॅच रेडे हरले. बाईंनी गुपचूप पहिला नारळ फोडला. बापूरावांनी खोबरं खाल्लं, कारण विचारलं नाही.

तिसऱ्या मॅचला एक खेळाडू जायबंदी झाला आणि कोचने जोमारला उतरवलं. शेवटचा चेंडू त्याच्याच हातात आला. त्याने फेकला, चेंडू कडीवर नाचला आणि बाहेर पडला. एका गुणाने रेडे हरले. जोमार गुडघ्यावर बसून रडत होता, आणि रिठदला कस्तुराबाईंच्या हातातली जुडी सुटून ओट्यावर पसरली.

फोन वाजला.

"आई, तू वाईट नको वाटून घेऊ," साधना घाईने म्हणाली. "खेळ हाये, चालते."

"मीच हरवलं त्याले," बाईंच्या तोंडून निघालं. "दुसरी मॅच हरू दे म्हून मारुतीले मीच सांगतलं."

"काहून?"

"सरली असती ना सारी मॅच. मंग तू कायचं बोलली असती माह्याशी?"

साधना हळूच म्हणाली, "आई, मले तो खेळ काडीचाबी आवडत नाही. लई गोंगाट असते. तुले आवडते म्हून मी जाऊन राह्यली होती."

"मले?" बाई उसळल्या. "मले काय कळते त्यातलं! तू हसली म्हून मी पाहून राह्यली होती! चार महिने मेथी ओली करून त्या रेड्याह्यच्या मांगं!"

दोघीही हसत सुटल्या. बापूराव दारात येऊन, हरल्यावर हसणारी ही कुठली टीम, म्हणून बघत राहिले. साधनाचं हसणं लांबलं, लांबता लांबता त्याचा सूर बदलला, आणि बाईंनी हसणं थांबवलं.

"आई, मले इथं करमत नाही. पह्यल्या दिवसापासून नाही करमत."

कस्तुराबाईंना रडू कोसळलं आणि त्याच क्षणी त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळे पदराने पुसत त्यांनी बापूरावांना मेथीकडे बोट दाखवून खुणावलं, की आज जुड्या तुम्ही बांधा.

"सांग माय," त्या म्हणाल्या. "सारं सांग. मी कुठीच नाही जात."