इराच्या कपाळावरची खूण

ओल्या हळदीचा वास आला, की मला वालूरच्या घरातली ती दुपार आठवते. अमेरिकेत नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ दहा वर्षांच्या लेकीला, इराला, घेऊन आला होता. जेवताना तो इंग्रजीत काही बोलला आणि इरा त्याच्या उच्चारांना हसली. त्यानं पितळी तांब्या भिरकावला. तिचं कपाळ फुटलं. तरी तो हात उगारून धावला, तसं मी त्याला भिंतीवर ढकललं.

“लेकराचा जीव घेतोस का?”

“अक्का, तिथं सगळे माझ्या बोलण्याला हसतेत. आता हीबी हसायलीय!”

मी जखमेत हळद दाबली. तेव्हा तो मला राक्षस वाटला. आज त्याच्या ओरडण्यातलं रडणं ऐकू येतं. मोठी झालेली इरा मात्र अजून त्याच्याशी बोलत नाही.

“तुला फोन करती का?” तो विचारतो.

“करती.”

“कोणत्या भाषेत?”

“मराठीत,” मी सांगते. मग तो तिचं एखादं वाक्य माझ्याकडून जसंच्या तसं म्हणवून घेतो.