मोरपंखीला पाणी

मी ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. सायप्रस वृक्षाच्या कुळावर दर वर्षी तेच सांगतो: सदाहरित, थंड डोंगरउतारांवर वाढणारं, मुळाशी साचलेलं पाणी न सोसणारं. आदिलाबादच्या पोरांनी त्या कुळातलं एकच झाड पाहिलेलं असतं, अंगणातली मोरपंखी. विद्या येते म्हणून तिचं पान वहीत ठेवतात.

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यातल्या आमच्या घरापुढे आईबाबांनी मोरपंखी लावली होती. ती जोडीनंच लावतात. बाबा गेले त्या वर्षी एक झाड वाळलं. योगायोग आहे, हे आईला सांगून मी थकलो. उरलेलं झाड म्हणजे आपण, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. मला तिचा रागच यायचा.

पुढे तिची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसभरात प्यायला फक्त दोन पेले पाणी. ते मोजून द्यायचं काम माझं. ती पेल्याकडे बघायची तेव्हा मी दुसरीकडे बघायचो.

गेल्या हिवाळ्यात झाडाचे शेंडे तांबूस झाले. खाटेवरून तिला ते खिडकीतून दिसायचं.

"बापू, तहानलं हाये ते. काऊन वाळून राह्यलं?"

त्या दिवसापासून बायको सकाळी बादलीभर पाणी घालायची, धाकटा भाऊ संध्याकाळी. कोणी कोणाला सांगितलं नाही. आणि मी, कॉलेजातून आलो की बूट न काढता पाइप सोडायचो. मी, ज्याला हे कळायला हवं होतं! झाड आणखी वाळलं, आम्ही आणखी पाणी घातलं.

शेवटी बुंधा उकरला. काळ्या मातीचा चिखल झाला होता, कुजलेली मुळं बोटांना चिकटत होती, वास येत होता. तिघांचं बिंग तिथंच फुटलं.

आईला खरं सांगितलं. तुझा याच्याशी काही संबंध नाही, आम्हीच ते बुडवलं, म्हटलं.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "त्याले बादल्या वतल्या, अन् मले घोट घोट मोजून देता."

पुढच्या डायलिसिसला ती उठलीच नाही. हातापाया पडलो, चिडलो, रडलो. "आता नाई," एवढंच म्हणायची.

पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता मागतील तेवढं पाणी द्या. मी तांब्या भरून घेऊन बसलो. तिनं दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं.