गजभिये बाईंचा सहाचा गठ्ठा

गजभिये बाईंनी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर डाव्या हाताचं एक आणि उजव्या हाताची दोन बोटं दाखवली, की पोहेवाल्याला ऐन थंडीत घाम फुटायचा. तो तीन प्लेटा लावायचा. बाईंना हव्या असायच्या आठ. डावं बोट म्हणजे एक सहा, उजवीकडचे दोन सुटे. “मी बरोबर दाखवलं, तू चूक मोजलं गा!” असं वर त्यालाच ऐकवायच्या. शेवटी तो बाई दिसताच आठ लावू लागला, आणि नेमक्या पहिल्याच दिवशी बाई एकट्या आल्या. उरलेल्या सात मागाहून येऊन मी संपवल्या. खोटं वाटत असेल तर माझं पोट बघा.

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शिकवणी वर्गात त्या गणित शिकवत, मी विज्ञान. सारं जग दहाचा गठ्ठा बांधतं, बाई सहाचा. अंक शून्य ते पाच, बस्स. सहा लिहायचे १०, सात ११, आठ १२. “पाहा, मूळ संख्या कशी उघडी पडते! शेवटी शून्य, दोन, चार आला की दोननं भाग जाते. तीन आला, तीननं जाते. मंग दोन अन् तीन सोडून बाकीच्या मूळ संख्या जातीन कुठं? एकावर नाही तर पाचावरच संपतीन!” हे सांगताना त्यांचा आवाज पार कन्हानपर्यंत जायचा. तिथली कोळशाची खाण दोनदा बंद ठेवावी लागली, असं मी ऐकून आहे.

दहावीच्या पालकांनी तक्रार केली. वर्गाच्या मालकांनी बाईंना बजावलं, “उद्याच्या पालकसभेत ‘हे बंद करते’ एवढंच म्हणा. नाही तर परवापासून येऊ नका.”

सभेत एका वडिलांनी विचारलं, “मॅडम, हे परीक्षेत येते का?”

“नाही येत.”

“मग काहून शिकवता?”

“खरं आहे म्हणून.”

मालकांनी खुणा केल्या, खोकले, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बाईंनी तो परत त्यांच्याकडे सरकवला. तेवढ्यात दुसरे एक गृहस्थ फळ्याशी गेले आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, “पस्तीस! तुमच्या पद्धतीनं ५५. शेवटी पाच आहे, पण पाच साते पस्तीस. झालं तुमचं गणित!”

“उलटं खरं आहे, असं मी कधी म्हणलं? अख्खं नागपूर तिखट खाते. म्हणून तिखट खाणारा प्रत्येक जण नागपूरचा का गा?”

सभा हसली. मालक हसले नाहीत. “बाई, शेवटचं विचारतो. बंद करता?”

“नाही.” पर्स उचलून त्या चालत्या झाल्या. जाताना मला म्हणाल्या, “तू काय पाहून राहिला? फळा पुसू नको, लोकायले वाचू दे.”

आठवड्याभरात त्यांनी इंदोरा वस्तीतल्या आपल्या घरावर पाटी लावली: ‘येथे फक्त शून्य ते पाच शिकवले जाते.’ दहावीचं एकही पोरगं फिरकलं नाही. मात्र बालवाडी समजून आयांनी तीन-तीन वर्षांची लेकरं आणून बसवली. मी गेलो तेव्हा खोलीत रडारड, शेंबूड आणि नुसता गोंधळ.

“बाई, पाटी बदला. लोकांचा गैरसमज होतो आहे.”

रडणारी एक चिमुकली मांडीवर घेत बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं.

“काहून बदलू? इतकी वर्षं मले बिघडलेलीच पोरं भेटली. यायले अजून दहाची सवय नाही लागली. तू दार लाव.”