पाचवं प्रकरण

नलिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच पुस्तकाचं पाचवं प्रकरण तपासत होते. तिची भाची एवढंच म्हणाली, "मावशी गेली..." मला रडू येण्याआधी राग आला. पुस्तक अर्धवट टाकून जाणं तिला शोभत नव्हतं. आज सहा आठवडे झाले, राग तेवढाच आहे. आता तो दुसऱ्यांवर आहे.

घाटकोपरच्या चाळीतली, गिरणी कामगाराची मुलगी. वडिलांनी वकील होईल म्हणून कायद्याला घातलं, आणि ही पदवी घेऊन इतिहासाकडे वळली. इंग्रजांच्या राज्यात देवळं, दर्गे, मठ यांचे तंटे कोर्टात कसे चालले, साहेबाने लोकांचा धर्म कायद्यात कसा कोंबला, हाच तिचा आयुष्यभराचा विषय. कॉलेजात शिकवायची आणि सुट्ट्या दप्तरखान्यात काढायची. तिथे पेनाला बंदी, म्हणून सगळं पेन्सिलीने कार्डांवर उतरवायची. खटल्याचा निकाल सर्वांत शेवटी वाचायचा, हा तिचा नेम. आधी साक्षी, त्यातही हरलेल्यांच्या. कुणी विद्यार्थी निकाल आधी वाचून आला की त्याची धडगत नसे. विद्यापीठातली मोठी मंडळी या पद्धतीला हसायची. हसोत बापडी.

पाचव्या प्रकरणात कोकणातल्या एका थडग्याचा खटला आहे. कुणी त्याला समाधी म्हणे, कुणी पीर. तिथल्या दिव्यात तेल घालणाऱ्या म्हातारीला साहेबाने विचारलं, जागा कोणाची? ती म्हणाली, मी तेल घालते, येणाऱ्याला धर्म विचारत नाही. साहेबाने तिची साक्ष निरुपयोगी ठरवली आणि जागा एका बाजूला देऊन टाकली.

प्रकाशकाला नेमकं हेच नको होतं. सध्या वातावरण बरं नाही, तेवढं एक प्रकरण गाळा, असा त्याचा निरोप. आणि मी, तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, तिला म्हणाले, "नलू, सोड ना गं. बाकीची आठ तरी छापून येतील."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आमच्या इमारती मुलुंडला समोरासमोर, तरी खिडकीचा पडदासुद्धा उघडला नाही. पाचव्या दिवशी आली ती थेट स्वयंपाकघरात, आणि म्हातारीचं कार्ड ओट्यावर ठेवलं.

"हिला साहेबाने एकदा गाळलं. आता तू गाळणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी मी प्रकरण तपासायला घेतलं.

शोकसभेत प्रकाशक भेटला. वर्षश्राद्धाला पुस्तक काढू, मुखपृष्ठावर बाईंचा छानसा फोटो टाकू म्हणाला. फक्त ते प्रकरण तेवढं... भाचीने सगळे कागद माझ्यावर सोपवले आहेत, सही माझी हवी. तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, आता बाई नाहीत. अडवणार कोण?"

"मी," मी म्हटलं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली, बघू देत.

ते कार्ड अजून माझ्या ओट्यावर, तेलाच्या बरणीला टेकून उभं आहे. एका कोपऱ्याला डाग पडलाय, अक्षरं मात्र शाबूत आहेत. काल प्रकाशकाला कळवलं: पुस्तक निघेल तर नऊ प्रकरणांचं निघेल, तुमच्याकडे नाही तर दुसरीकडे. आणि पहिलं प्रूफ पाचव्याचं पाठवायचं.