ट्रॉम्सोचा हट्टी सूर्य आणि आईचा चौदावा सोमवार

मध्यरात्रीचं ऊन बघायचं हे खूळ माझंच. आईला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला न्यायचं ठरवलं, व्हिसासाठी हेलपाटे घातले, साताऱ्याहून मुंबईला गाडी केली, तीन विमानं बदलली. आणि तिथे पोचल्यावर सोमवारी सकाळी आई शांतपणे म्हणते, "मी आज काय खायची न्हाई बरं का. चौदावा सोमवार हाय."

सोळा सोमवार तिने दादासाठी धरलेत. तो फौजेत आहे, राजस्थानच्या सीमेवर. सुखरूप घरी यावा म्हणून. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. उपास सोडायचा तो सूर्य मावळल्यावर, दिवा लावून. आणि जूनअखेर ट्रॉम्सोत सूर्य मावळतोच कुठे? तिकिटं काढताना माझी अक्कल कुठे गेली होती, देव जाणे!

दिवसभर बंदरावर फिरलो. एक कॉफी चारशे रुपयांना. जाणार असाल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या. खोलीवर परतून बटाटे उकडले, संध्याकाळचे सात वाजले तरी ऊन आपल्याकडच्या चारसारखं. आईचा चेहरा उतरलेला.

"खा आता."

"डोळ्यादेखत सूर्य हाय, आन् खा म्हनतीस?"

वैतागून मी उकडलेल्या बटाट्यात काडी खोचली आणि तो टेबलावरच्या दिव्याकडे कलता धरला. "ही पृथ्वी. अशी कललेली. कितीही फिरव, शेंड्याजवळचं हे ट्रॉम्सो उजेडातच राहणार. सहा महिन्यांनी ती दिव्याच्या पलीकडे जाते, कल तोच. मग शेंडा अंधारात."

"मंग थंडीत सूर्य उगवतच न्हाई?"

"दोनेक महिने नाही."

"मंग हितल्या बायांनी उपास सोडायचा कवा आन् धरायचा कवा!" आईने बटाटा हातात घेतला. "आन् सातारा?"

मी बटाट्याच्या पोटावर नखाने खूण केली. तिने तो फिरवला. खूण अंधारात गेली.

"म्हंजे तिकडं मावळला असंल? नवस तर साताऱ्यातच बोललेय."

लगेच साताऱ्यातल्या मावशीला फोन.

"अगं आक्का, दिवा कवाचा लागला! आमी जेवून झोपायला निघालो."

तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. तीन तास! तीन तासांपूर्वीच जेवता आलं असतं. मी कपाळावर हात मारून घेतला. आईने मात्र तुपाचा दिवा लावला, हात जोडले आणि पोटभर जेवली.

पुढच्या सोमवारी आम्ही साताऱ्यात. सव्वासातला ढगांआड सूर्य मावळला, दिवा लागला, ताटं वाढली. आई हलेना.

"आता काय राहिलं?" मी ओरडलेच.

"तुझ्या दादाकडं, पार मावळतीला राजस्थानात, अजून ऊन असंल की. ज्याच्यासाठी धरलाय, त्याच्याकडं मावळू दे."

मला सपाटून भूक लागली होती. मी दोन्ही ताटं झाकली आणि फोन लावला.

"दादा, मावळला का रे तुझ्याकडे?"