आई आत जातेय

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात डीमन या डच गावात, आमच्या मजल्यावरच्या सामायिक गॅलरीत, शेजारच्या दारापुढे एक नायजेरियन गृहस्थ लाकडी मुखवट्याला तेल चोळत बसायचे. बाळाला चोळावं तसं, अगदी कानामागेसुद्धा.

"हा तोंडाला बांधतात?" मी विचारलं. तेव्हा मास्क म्हटलं की दुसरं काही सुचायचंच नाही.

ते खूप हसले. "डोक्यावर चढवतात. आम्ही योरुबा पुरुष बायकांची वस्त्रं लेवून नाचतो, गावातल्या आया प्रसन्न राहाव्यात म्हणून. त्यांची शक्ती फार मोठी. पण ढोल वाजेपर्यंत हे नुसतं लाकूड."

भाद्रपदात गौरी आणायच्या होत्या. पाहुण्यांना बंदी, नवरा पुण्यात अडकलेला. दोन्ही हातांत दोन मुखवटे घेऊन मी दाराबाहेर उभी. ताट-चमचा वाजवणार कोण?

शेजाऱ्यांनी बघितलं. "आया?"

"हो."

"आणि ढोल?"

"वाजवायला कोणीच नाही," मी म्हटलं. ते आतून पातेलं आणि लाकडी डाव घेऊन आले आणि दीड मीटर लांबून असं काही वाजवायला लागले, की माझेच पाय थिरकले.

मी उंबरा ओलांडला, तसे ते गॅलरीत चक्क पालथे पडले.

"अहो, कपडे मळतील!"

"आई आत जातेय," ते खालूनच म्हणाले, "उभा कसा राहू?"