दीपमालाबाईंची प्रवासाची डबी

आमच्या समोरच्या दीपमालाबाई बाजारातून आलेली कुठलीही वस्तू आधी गॅलरीत नेऊन उजेडात धरतात. तेलाची पिशवी असो, औषधाची बाटली असो, नाहीतर मी दिलेली लोणच्याची बरणी असो. माझी बरणी त्या उजेडात धरतात याचा मला सुरुवातीला फार राग यायचा. मग एकदा त्यांनी देवळातल्या तीर्थाची बाटलीही तशीच धरलेली पाहिली आणि माझा राग गेला. जिथे देवाची सुटका नाही तिथे माझी काय कथा!

वजनमापे खात्यात कारकून म्हणून त्या निवृत्त झाल्या. त्यांनी स्वतः दुकानं तपासली नाहीत, टेबलावरच काम केलं, पण जगातला प्रत्येक माणूस काटा मारतो यावर त्यांची श्रद्धा बसली ती कायमची. नारायण पेठेतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं टोपणनाव शंकासूर आहे. हे त्यांना माहीत आहे. कुणी ठेवलं याचाही त्यांना संशय आहे आणि तो बरोबर आहे.

त्यांची कातडी जन्मापासूनची कोरडी आणि नाजूक. दिवाळी सरली, हवा सुटली की गालांवर पापुद्रे येतात. साबण बदलला तरी लाल होते, शेजारणीनं वासाची पावडर लावली तरी खाजते. यंदा त्या कातडीसकट त्यांना जर्मनीला जायचं होतं, मुलाकडे, तेजसकडे, आणि ऐन थंडीत.

मागच्या वर्षीची गोष्ट आधी सांगायला हवी. तेव्हाही त्या गेल्या होत्या. नात, ओवी, तीन महिन्यांची होती. विमानात टाकलेली मोठी बॅग आलीच नाही, ती चार दिवसांनी आली. खांद्यावरच्या पर्समध्ये खोबरेलाची एक छोटी डबी तेवढी होती. तेवढ्यानं भागेना म्हणून सुनेनं, ऋजुतानं, आपली लव्हेंडरची ट्यूब दिली. दुसऱ्या दिवशी बाईंचे दोन्ही गाल लालभडक झाले, सोलवटले. पुरळ कसलं आहे ते डॉक्टरांना विचारेपर्यंत बाळाला जवळ घेऊ नका, असं ऋजुता म्हणाली. डॉक्टरांची वेळ मिळायला आठवडा गेला, चेहरा बरा व्हायला दोन आठवडे. तोवर परतीचं तिकीट आलं. नातीच्या गालाला गाल लावायला म्हणून एवढ्या लांब गेलेली ही बाई नातीला लांबूनच बघून आली.

"मुद्दाम दिली हो तिनं ती ट्यूब," त्या मला म्हणाल्या होत्या. "माझी कातडी कशी आहे ते तिला ठाऊक होतं."

"अहो, काहीतरीच काय! कोणती सून असं करेल?"

"कालिंदीबाई, तुम्हाला सून नाही. तुम्ही बोलू नका."

त्यानंतर वर्षभर ऋजुताशी त्या कामापुरतं बोलायच्या. व्हिडिओ कॉल आला की "बाळाला दाखव" म्हणायच्या आणि स्वतःचा चेहरा मोबाइलच्या चौकटीबाहेर ठेवायच्या. नात आता चालायला लागली होती. ती आजीला ओळखणार कशी, हे दुःख त्यांना आतून खात होतं आणि ते दुःख त्या रागाच्या नावानं सांगत होत्या.

म्हणून यंदा निश्चय झाला: चेहऱ्याला लावायचं ते इथूनच न्यायचं, हातातल्या बॅगेत न्यायचं आणि सुनेच्या घरातल्या कशालाही बोट लावायचं नाही. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. "शंभर म्हणजे बाटली शंभरची हवी, आत माल किती आहे ते विमानतळावर बघत नाहीत," हे त्यांनी मला तीनदा समजावून सांगितलं. मापाचा विषय निघाला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, वास नसलेलं साधं मलम घ्या आणि चेहऱ्याला लावण्याआधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. दीपमालाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांचं ऐकलं. त्या सल्ल्यात मुळात संशयच होता, म्हणून तो त्यांना पटला.

मग आमची खरेदी सुरू झाली. मला सोबत नेण्याचं कारण साक्षीदार हवा, एवढंच.

पहिलं दुकान नवंकोरं, काचेचं. तिथल्या मुलीनं तागाच्या पिशवीतल्या पाच इवल्या बाटल्या पुढे ठेवल्या. "मॅम, हे आमचं ट्रॅव्हल किट. हंड्रेड पर्सेंट नॅचरल."

"बिबाही नॅचरलच असतो," दीपमालाबाई म्हणाल्या. "लावता का गालाला?"

कातडीवर फोड आणणारा बिबा मुलीला माहीत नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बाईंनी पर्समधून भिंग काढलं. "बाटली लहान केलीत ती प्रवासासाठी की आम्हाला वाचता येऊ नये म्हणून?" मग एकेक घटक मोठ्यानं वाचला. संत्र्याच्या सालीचं तेल, लव्हेंडर, पुदिना आणि शेवटी नुसताच 'सुगंध'. "हा सुगंध कशाचा, ते नाही लिहिलेलं."

"मॅम, सगळ्या स्किन टाइपना सूट होतं."

"चपलासुद्धा सगळ्यांना एकाच मापाच्या विकता का तुम्ही?"

अशी चार दुकानं झाली. एका ठिकाणी कोरफडीचं जेल हिरवंगार म्हणून नापास. "घरी कोरफड कापून बघा, गर पांढरा निघतो. हा हिरवा रंग कुणाचा?" दुसरीकडे डबी बाहेरून मोठी आणि आतून उथळ. त्या दुकानदाराला वजनमापे कायद्याची जी माहिती मिळाली ती त्यानं मागितली नव्हती. मला घरी यायचं होतं.

शेवटी मीच त्यांना कसबा पेठेत नाजिमाकडे नेलं. बोळातलं छोटं दुकान. पूर्वी तिचे सासरे अत्तरं विकायचे. नाजिमानं अत्तरं आत हलवली आणि पुढे स्वतः बनवलेली साबण-मलमं मांडली. तिच्याकडे पत्र्याच्या तीस ग्रॅमच्या डब्या होत्या, खास प्रवासाला नेणाऱ्यांसाठी. आत बदामाचं तेल, मेण आणि कोकमतेल. वास काही नाही.

"कोकमतेल आमची आई टाचांच्या भेगांना लावायची," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासा मऊ झाला. लगेच त्यांनी तो आवरला. "पण वास नाही, हे कशावरून? इथे सगळीकडे अत्तराचा वास मारतोय."

"मावशी, मलम मी घरी बनवते. अत्तर इथे असतं. एक डबी घेऊन जा, लावून बघा, मग बोला," नाजिमा हसून म्हणाली.

बाईंनी दोन घेतल्या, एक परीक्षेला आणि एक प्रवासाला. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबी ठेवली. डबी वजा जाता तीस ग्रॅम भरले, वर थोडं जास्तच. त्याचाही त्यांना संशय आला. आठवडाभर कोपरावर लावलं, काही झालं नाही. मग गालावर लावलं. चार दिवसांत पापुद्रे गेले आणि गाल असे मऊ झाले की दीपमालाबाई आरशासमोर उभ्या राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. "बघा हो, लागतंय का खरखरीत?" म्हणून त्यांनी माझा हात स्वतःच्या गालावर ठेवला. 

इथे एखादी शहाणी बाई थांबली असती. पण पत्र्याच्या डबीचं झाकण नुसतं दाबून बसवायचं होतं. विमानात ते उघडलं तर? शिवाय मागच्या वेळी बॅग हरवली तेव्हा पर्समध्ये टिकून राहिली ती त्यांची स्वतःची डबी. काचेची, जाड, फिरकीच्या झाकणाची. ती म्हणजे संपलेल्या बामची डबी. आपल्याकडे बाम संपतो, डबी संपत नाही. तिच्यात पुढे कुंकू जातं, जायफळ जातं, सुया जातात. दीपमालाबाईंनी ती शिकेकाईनं घासली, उकळत्या पाण्यात बुडवली, उन्हात वाळवली आणि नाजिमाचं दुसऱ्या डबीतलं मलम कोमट करून तिच्यात ओतलं आणि लगेच झाकण घट्ट फिरवलं. गार झाल्यावर कसं बसलंय ते पाहायला थोडं काढून थेट गालांना लावलं. कोपरावर नाही. घरच्या डबीची कसली परीक्षा घ्यायची?

सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं तेव्हा दोन्ही गाल लाल होते. उड्डाणाला पाच दिवस राहिले होते.

"चला," त्या म्हणाल्या. "तुमच्या नाजिमानं दाखवायला एक माल दिला आणि न्यायला दुसरा. उभ्या नोकरीत मी हेच बघत आले."

"अहो, मला सर्दी झालीये, डोकं दुखतंय."

"म्हणजे तुम्ही तिच्या बाजूच्या."

त्यापेक्षा जाणं बरं. नाजिमाच्या दुकानात दोन बायका खरेदी करत होत्या. त्यांच्यासमोर बाईंनी बोलायला सुरुवात केली. भेसळ, फसवणूक, नैसर्गिक म्हणून लोकांच्या तोंडाला चुना. आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला असेल. नाजिमाचं तोंड उतरलं. गिऱ्हाइकं हातातल्या डब्या खाली ठेवून निघून गेली.

"मावशी, त्याच दिवशीची, एकाच पातेल्यातली आहेत दोन्ही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझ्या मुलीला मी हेच लावते. दाखवा तरी मला."

बाईंनी पुरावा काउंटरवर ठेवला.

"पण ही डबी माझी नाही."

"डबी माझी आहे! डबीला काय झालंय? तुमच्या पत्र्यापेक्षा शंभर पटीनं चांगली. मागच्या वर्षी जर्मनीलाही हीच नेली होती मी, खोबरेल भरून. बॅग आली नाही ते चार दिवस मी हिच्यातलंच तर..."

दीपमालाबाई मध्येच थांबल्या.

मी तोवर झाकण उचलून नाकाशी नेलं होतं. झाकणाच्या आत पुठ्ठ्याची जुनी चकती होती. वर्षानुवर्षांचा कापूर आणि पुदिना तिच्यात मुरला होता, पण बाईंच्या नाकाला तो वास रोजचाच. शिकेकाईनं काच धुतली जाते, पुठ्ठा नाही. माझं दोन दिवस चोंदलेलं नाक तिथल्या तिथे मोकळं झालं.

"बाम," मी म्हणाले. दुसरं काही बोलायची गरज नव्हती.

साऱ्या पुण्याला भिंगाखाली धरलं आणि चोर स्वतःच्या पर्समध्ये होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. एरवी मी हे बोलून दाखवलं असतं, महिनाभर पुरवून पुरवून बोलले असते. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडेना. त्या डबीकडे बघत होत्या आणि त्यांना नाजिमा दिसत नव्हती. त्यांना दुसरीच कुणीतरी दिसत होती.

मग त्या म्हणाल्या, "नाजिमा, चूक माझी आहे. लोकांसमोर मी तुला भेसळ करणारी म्हटलं. त्या दोघी कुठे राहतात? मी जाऊन सांगते."

"राहू द्या मावशी. येतील त्या."

"नाही, सांगते. आणि एक डबी दे. तुझ्याच पत्र्यातली."

ती डबी त्यांनी उजेडात धरली नाही. घरी गेल्यावर काट्यावरही ठेवली नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "ती ट्यूब तिनं स्वतःची दिली होती हो. बाळंतीण होती, तिलाच लागत होती."

संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि ऋजुताला फोन लावला. पडद्यावर ऋजुता आली आणि सवयीनं म्हणाली, "थांबा हं आई, ओवीला आणते."

"ओवीला नको. तू बस." मग त्यांनी आपला चेहरा पुढे आणला, लाल गालांसकट, वर्षात पहिल्यांदा.

"आई! हे काय झालं?"

"मागच्या वर्षी झालं होतं तेच. तेव्हाही माझ्याच डबीनं झालं होतं. बामची डबी होती, धुतली तरी बाम गेला नव्हता. तुझ्या ट्यूबनं काही झालं नव्हतं. मी वर्षभर तुझ्यावर..."  पदरानं डोळे पुसायला गेल्या, तर गाल झोंबला. "तुझी ती ट्यूब आहे का गं अजून? तीच लावीन म्हणते."

लव्हेंडर त्यांच्या कातडीला चालणार नव्हतं, हे त्यांना आणि मला दोघींनाही ठाऊक होतं. 

ऋजुतानं मान हलवली. मग हळू म्हणाली, "नाही आई. तुम्ही गेलात त्याच दिवशी मी ती फेकली. नंतर तसला वास असलेलं घरात काहीच आणलं नाही. साबणसुद्धा बिनवासाचाच आणते, तुम्ही पुन्हा आलात तर म्हणून. पण तुम्ही येताय ते तेजसनं सांगितलं, तुम्ही नाही सांगितलंत."

"मग आता मी सांगते," दीपमालाबाई म्हणाल्या. "पाच दिवसांनी येतेय मी."

गाल अर्धवट बरे झालेले असताना त्या गेल्या. विमानतळावर मी सोडायला गेले होते. हातातल्या बॅगेत पारदर्शक पिशवी, पिशवीत नाजिमाची पत्र्याची एकच डबी. झाकणाला साधी चिकटपट्टीही नव्हती. आठवड्यानं फोटो आला. सोफ्यावर बाई बसल्या आहेत, ओवी त्यांच्या मांडीवर चढून दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा पकडते आहे आणि शेजारी ऋजुता त्यांच्या गालाला डबीतलं मलम लावते आहे. बाईंनी डोळे मिटले होते. बोटावर काय आहे ते त्यांनी पाहिलंही नसावं.

बामची ती डबी माझ्याकडे ठेवायला दिली आहे. फेकायची हिंमत त्यांनाही झाली नाही आणि मलाही. तिच्यात मी सध्या टाचण्या ठेवते.